होशंगाबादचा विज्ञान-प्रयोग : खेड्यांतील शाळा आणि न्यायाचा प्रश्न

धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठीं शिक्षणाच्या इतिहासावर कांहीं लिहावें, अशी आज्ञा संपादक मंडळानें केली तेव्हां प्रस्तुत लेखकाच्या डोळ्यांपुढें प्रथम एक कपाट उभें राहिलें. आमच्या लहानपणच्या शाळेंत तें मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर असे. कांचेच्या दारांतून आंतल्या बरण्या, परीक्षानळ्या, एक स्पिरिटचा दिवा आणि एक पितळी तराजू स्पष्ट दिसत. पण कपाटास कुलूप होतें, आणि वस्तु फुटल्यास पैसे भरावे लागतील या भयानें तें कुलूप तपासणी-अधिकाऱ्यांच्या भेटीखेरीज सहसा उघडत नसे. प्रयोगवही मात्र आम्हां सर्वांची पूर्ण असे. साहित्य, कृति, निरीक्षण, अनुमान अशा चार मथळ्यांखालीं गुरुजी फळ्यावर लिहीत व आम्ही उतरून घेत असूं. न केलेल्या प्रयोगाचें न केलेलें निरीक्षण आम्हीं सुवाच्य अक्षरांत लिहिलें, आणि त्यास दहापैकीं आठ गुण मिळाले. शाळेचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. त्या काळीं पुष्कळ शाळांची हीच रीत होती.

हें कपाट आठवण्याचें कारण असें कीं, मध्य प्रदेशांत नर्मदेच्या कांठीं १९७२ सालीं कांहीं लोकांनीं या रीतीविरुद्ध एक उद्योग आरंभिला आणि तो तीस वर्षें चालला. गरिबांच्या मुलांस विज्ञान कसें शिकवावें, हा प्रश्न वरवर पाहतां अध्यापनशास्त्राचा दिसतो. वस्तुतः तो न्यायाचा आहे, हें त्या उद्योगाच्या हकीकतीवरून चांगलें समजतें. म्हणून तीच हकीकत येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमि. दुसऱ्या महायुद्धांत अनेक देशांतील शाळा उद्ध्वस्त झाल्या. प्रयोगशाळा नसतां विज्ञान कसें शिकवावें, याविषयीं युनेस्कोनें १९४८ सालीं एक पुस्तक शिक्षकांच्या हातीं दिलें. पुढें अनुभव असा आला कीं, ज्या देशांत प्रयोगशाळा मुळीं उभारल्याच गेल्या नव्हत्या तेथेंही या पुस्तकाचा उपयोग आहे. मग त्याचाच विस्तार होऊन १९५६ सालीं विज्ञान-शिक्षकांसाठीं मोठा साधनग्रंथ निघाला. आपल्याकडे कोठारी आयोगानें १९६६ च्या अहवालांत, पहिल्या दहा वर्षांच्या शालेय शिक्षणांत विज्ञान व गणित सर्वांस आवश्यक करावें, अशी शिफारस केली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें तर वैज्ञानिक दृष्टि व जिज्ञासा यांची जोपासना करणें हें प्रत्येक नागरिकाचें कर्तव्य ठरविलें. कर्तव्य ठरलें खरें; परंतु ज्या शाळेंत बसावयास धड चटई नाहीं तेथें तें कोणीं व कसें पार पाडावें, हें घटनेच्या कलमांत लिहिलेलें नसतें.

इंग्लंडांत १९६० नंतरच्या दशकांत नफील्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्यानें, मुलांनीं स्वतः प्रयोग करून नियमापर्यंत पोहोंचावें, ही पद्धति रूढ होऊं लागली होती. तिचा परिणाम आपल्याकडील कांहीं शिक्षकांवरही झाला. अखिल भारतीय विज्ञान शिक्षक संघाच्या भौतिकशास्त्र अभ्यासगटानें भारतीय मुलांसाठीं तशी पाठमाला तयार केली. डेहराडूनच्या डून स्कूलमधील बी. जी. पित्रे हे या कामांत अग्रणी होते. ही पाठमाला साहजिकच प्रथम श्रीमंतांच्या शाळांत चालली. तेथून ती मुंबईच्या म्युनिसिपल शाळांत आणण्यास टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील कांहीं शास्त्रज्ञ पुढें आले. कुलाब्याच्या समुद्रकांठीं परमाणूचें अंतरंग शोधणारे हे विद्वान, जेथें गिरणीकामगारांचीं व हमालांचीं मुलें शिकत त्या वर्गांत जाऊन बसले. मुलांनीं प्रयोग केले, आणि ते त्यांस जमले. तेव्हां पुढचा प्रश्न आपोआपच उभा राहिला : म्युनिसिपल शाळेंत जें जमतें तें खेड्यांत कां जमूं नये?

याच टाटा संस्थेंत अनिल सद्गोपाल हे जीवशास्त्राचे संशोधक होते. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया येथील प्रख्यात तंत्रविद्यालयाची डॉक्टरेट त्यांच्यापाशीं होती. ती नोकरी सोडून ते होशंगाबाद जिल्ह्यांत बनखेडीनजीक पलिया पिपरिया या गांवीं गेले व तेथें 'किशोर भारती' ही संस्था स्थापन झाली. त्याच जिल्ह्यांत होशंगाबाद शहरालगत रसूलिया येथें 'फ्रेंड्स रूरल सेंटर' हें जुनें केंद्र होतें. तें क्वेकर पंथीयांचें. हा प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथ एकोणिसाव्या शतकांतच त्या भागांत आला होता. त्यांची उपासना आपल्याहून अगदीं निराळी. साक्रामेंत नाहींत, स्तब्ध बसणें हीच प्रार्थना. तथापि शेजाऱ्याच्या मुलाची चिंता वाहण्यांत ते मागें राहिले नाहींत, हें प्रांजळपणें लिहिलें पाहिजे. या दोन संस्थांनीं मिळून राज्य सरकारकडे परवानगी मागितली, आणि १९७२ सालीं जिल्ह्यांतील १६ मिडल स्कुलांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, नव्या पद्धतीनें विज्ञान शिकविण्याची मुभा त्यांस मिळाली.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी. दात्यांकडून पैसा मिळवून एखादी आदर्श शाळा काढणें तुलनेनें सोपें असतें, आणि तशा शाळेचें कौतुकही लवकर होतें. या मंडळींनीं सरकारी शाळा, सरकारी शिक्षक, सरकारी वेळापत्रक आणि गळकें छप्पर हेंच आपलें क्षेत्र मानिलें, कारण मजुराचें मूल तेथेंच येतें.

वर्गांत काय घडत असे तें आतां पाहूं. मुलांच्या हातीं 'बाल वैज्ञानिक' या नांवाचें हिंदी पुस्तक असे. त्यांत तयार उत्तरें नव्हतीं. कृति होत्या, प्रश्न होते आणि निरीक्षणें भरण्यासाठीं रिकामे तक्ते होते. चार-चार मुलांची टोळी करावयाची व टोळीनें मिळून प्रयोग करावयाचा, अशी योजना. टोळी करतांना जात विचारण्याची सोय पुस्तकांत ठेविली नव्हती. भिंग एक, परीक्षानळी एक आणि तिच्यावर आठ डोळे.

फुलाचे अवयव सोडवून पाहण्यास सुई लागते. शहरांतील शाळांत ती पेटींतून निघते. येथें बाभळीचा कांटा घेतला. तो टोंकदार, फुकट, आणि मोडलाच तर दुसरा कुंपणावर तयार. ज्यानें हें प्रथम सुचविलें त्याच्या बुद्धीस आम्ही एखाद्या मोठ्या यंत्राच्या शोधकाइतकाच मान देऊं. मुलें शेताच्या बांधावरून रोपें उपटून आणीत आणि मुळें व पानें यांची जोडी लावून पाहत. ज्याच्या पानांत शिरांचें जाळें त्याचें सोटमूळ, ज्याच्या शिरा समांतर त्याचीं मुळें तंतुमय, हा नियम गुरुजींनीं सांगावयाचा नसे. समोर पडलेल्या ढिगांतून तो मुलांनींच काढावयाचा असे. न जुळणारें रोप सांपडलें तर तेंही तक्त्यांत लिहावयाचें. जमिनींत काठी रोवून दिवसभर तिची सावली मोजावयाची आणि त्यावरून सूर्याची चाल ओळखावयाची, हाही एक अभ्यास होता. त्यास लागणारें साहित्य म्हणजे एक काठी आणि ऊन. आणि ऊन त्या प्रांतांत मुबलक.

परंतु आम्हांस सर्वांत आवडतो तो मोजमापाचा धडा. एकच लांबी दहा मुलांनीं मोजली तर आंकडे थोडे थोडे निराळे येतात. आमच्या शाळेंत याचा अर्थ नऊ मुलें चुकलीं आणि त्यांपैकीं चार-पांच छडीस पात्र झालीं, असा झाला असता. होशंगाबादच्या पुस्तकांत मोजमापांतील घटबढ हाच शिकण्याचा विषय केला होता : ती कां येते, किती आली तर चालेल, आणि इतक्या निरनिराळ्या आंकड्यांतून ग्राह्य आंकडा कसा ठरवावा. नाणें उडवून व फांसा टाकून संभाव्यतेचा विचार करण्याचा धडाही याच वयाच्या मुलांसाठीं होता. इतरत्र हा विषय पुष्कळ वरच्या वर्गांत, आणि तोही बहुधा सूत्रांच्या रूपानें येतो.

यांत न्यायाचा संबंध कोठें आला, असें कोणी विचारील. ज्या गांवांत मालगुजाराच्या शब्दापुढें आणि सावकाराच्या वहीपुढें बोलावयाचें नाहीं हें मूल चालूं लागण्याबरोबर शिकतें, तेथें शाळाही बहुधा तोच धडा पुढें चालविते. मोठ्यांच्या शब्दाच्या जागीं छापील शब्द येतो एवढेंच. अशा मुलास 'तूं काय पाहिलेंस?' असें विचारणें आणि त्याचें उत्तर तक्त्यांत लिहून घेणें, ही लहान गोष्ट नव्हे. शेतमजुराच्या मुलीनें मोजलेली सावली मालगुजाराच्या मुलानें मोजलेल्या सावलीइतकीच ग्राह्य असते. दोघांच्या आंकड्यांत फरक पडला तर पुन्हां मोजावें लागतें, घराणें पाहून निकाल देतां येत नाहीं. ही समता वर्गाबाहेर किती टिकली, हें मोजण्यास कोणतीच काठी नाहीं. पण वर्गाच्या चार भिंतींत ती रोज कांहीं वेळ नांदत होती.

शिक्षकांची तयारी हा या उद्योगाचा कणा होता. उन्हाळ्याच्या सुटींत सुमारें तीन आठवड्यांचीं शिबिरें भरत. तेथें शिक्षक मुलांप्रमाणेंच टोळ्या करून बसत व पुढें शिकवावयाचा प्रत्येक प्रयोग स्वतःच्या हातानें करीत. दिल्ली विद्यापीठ, टाटा संस्था आणि निरनिराळ्या आय. आय. टी. येथील प्राध्यापक त्यांच्याबरोबर असत. वर्षभर दरमहा शिक्षकांच्या बैठका होत, आणि अडचणी तेथें मांडल्या जात. पुढें पुढें याच जिल्ह्यांतील शिक्षक इतरांस शिकवूं लागले, आणि खेड्यांतील गुरुजी विद्यापीठाच्या प्राध्यापकाशीं पुस्तकांतील एखाद्या वाक्यावरून वाद घालूं लागला. 'मला ठाऊक नाहीं, आपण करून पाहूं,' हें वर्गासमोर म्हणण्याचें धैर्य येणें सर्वांत कठीण गेलें असावें. आम्हांसही तें अद्याप पुरतें साधलेलें नाहीं.

परीक्षाही बदलली. लेखी परीक्षेंत पुस्तक व वही उघडी ठेवण्याची परवानगी असे, कारण पाठ केलेलें विचारावयाचेंच नव्हतें. आणि त्याशिवाय हातानें प्रयोग करून दाखविण्याची परीक्षा असे. मुलांच्या शंकांसाठीं 'सवालीराम' नांवाचें एक काल्पनिक पात्र निर्माण केलें होतें. मुलें त्याला पत्रें लिहीत आणि सवालीराम उत्तरें पाठवी. ज्या घरांत टपाल बहुधा वाईट बातमी किंवा सरकारी कागद घेऊन येतें, तेथें मुलाच्या नांवानें पत्र येणें म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनींच करावी.

१९७८ सालीं हा कार्यक्रम होशंगाबाद जिल्ह्यांतील सर्व मिडल स्कुलांत लागू झाला. १९८२ सालीं तो पुढें नेण्यासाठीं 'एकलव्य' ही संस्था स्थापन झाली. अंगठा मागितल्या गेलेल्या शिष्याचें नांव शिक्षणसंस्थेस देण्यांत जो अर्थ आहे तो मराठी वाचकांस फोड करून सांगावयास नको. १९८५ पासून त्याच संस्थेचें 'चकमक' हें मुलांचें मासिक निघूं लागलें. होतां होतां सुमारें १५ जिल्ह्यांतील शेंकडों शाळा आणि लाखाच्या घरांत मुलें या पद्धतीच्या कक्षेंत आलीं.

१९७८ सालींच पुण्याच्या टेल्को कारखान्यांतील एक तरुण इंजिनियर वर्षाची रजा घेऊन होशंगाबादेस आला. अरविंद गुप्ता हें त्याचें नांव. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें शिकत असतां त्यानें सद्गोपालांचें व्याख्यान ऐकलें होतें. खेड्याच्या बाजारांत हिंडतांना सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी त्याच्या दृष्टीस पडली. तिचे तुकडे करून त्यांत आगकाडीचीं टोकें खुपसलीं तर सांधे तयार होतात. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हालत नाहीं. चार काड्यांचा चौकोन मात्र बोटानें दाबतांच तिरपा होतो. पुलाच्या व छपराच्या कैच्यांत त्रिकोण कां असतात, हें चार पैशांच्या सामानांत मुलास कळतें. या काड्यांच्या खेळांचें पुस्तक पुढें भारताच्या अनेक भाषांत गेलें.

याच सुमारास महाराष्ट्रांतही एक संबंधित काम चाललें होतें, त्याचा उल्लेख केला नाहीं तर हकीकत अपुरी राहील. टाटा संस्थेनें १९७४ सालीं मुंबईंत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढलें. प्रा. व्ही. जी. कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांनीं जळगांव जिल्ह्यांत खिरोदा परिसरांतील ग्रामीण शाळांतून आणि पुढें मुंबईच्या म्युनिसिपल शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांत काम केलें. हीं मुलें मागें कां पडतात, हा त्यांचा प्रश्न. बुद्धीची उणीव नव्हती. थोडें नेटकें साहाय्य मिळतांच शालान्त परीक्षेंत त्यांनीं तें सिद्ध केलें. मोठा अडसर निघाला तो भाषेचा. पाठ्यपुस्तकांतील मराठी इतकी संस्कृतप्रचुर, वाक्यें इतकीं गुंतागुंतीचीं, कीं ज्याच्या घरीं तशी भाषा कोणी बोलत नाहीं त्या मुलास विज्ञानापर्यंत पोहोंचण्यापूर्वींच दार लागे. तोच मजकूर सोप्या मराठींत दिला तर मुलें तो समजत. प्रस्तुत लेखाची भाषा पाहतां हा ठपका आमच्यावरही येतो, आणि तो आम्ही मान्य करितों.

असो. आतां शेवटाकडे वळलें पाहिजे, आणि तो आनंदाचा नाहीं. २००२ सालीं मध्य प्रदेश सरकारनें हा कार्यक्रम बंद केला. एकलव्य संस्थेचे समाजशास्त्राचे व प्राथमिक शिक्षणाचे कार्यक्रमही त्याबरोबरच गेले. देशांतील अनेक शास्त्रज्ञांनीं व शिक्षणतज्ज्ञांनीं विरोध नोंदविला. निर्णय फिरला नाहीं. तक्रार अशी होती कीं, या पद्धतीनें शिकलेलीं मुलें पुढच्या वर्गांत व स्पर्धापरीक्षांत मागें पडतात. सर्व राज्यांत एक पुस्तक असतां याच मुलांस निराळें कां? संस्थेचें म्हणणें असें कीं, या आरोपास पुरावा नाहीं.

या तक्रारीमागें राजकारण होतें असें पुष्कळांचें मत आहे, आणि तें खोटें आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. तथापि तक्रारींत जो बापाचा आवाज होता त्याची थट्टा करणें आम्हांस बरें वाटत नाहीं. गरीब बापास शाळा म्हणजे घरांतून बाहेर पडण्याची एकमेव शिडी दिसते. शहरांतील वकिलाचा मुलगा व्याख्या पाठ करून प्रवेशपरीक्षा देतो आणि डॉक्टर होतो, हें तो पाहतो. आपल्या मुलाच्या हातीं बाभळीचा कांटा आणि त्याच्या हातीं मार्गदर्शिका, हें त्यास अन्यायाचें वाटलें तर नवल काय? दोष कांट्याचा नव्हता. वरची परीक्षा जुनी राहिली होती. जी परीक्षा पाठांतरास बक्षीस देते ती तशीच ठेवून केवळ खेड्यांतील मुलांस विचार करण्यास शिकविणें, हा अर्धाच न्याय झाला. उरलेला अर्धा ज्यांच्या हातीं होता त्यांनीं तो केला नाहीं, आणि केलेला अर्धा काढून घेतला. तीस वर्षांच्या कामाचा असा निकाल लागावा याचें आम्हांस आजही दुःख होतें.

पुढील हकीकत थोडक्यांत. टाटा संस्थेंतील ज्या शास्त्रज्ञांचा होशंगाबादच्या कामाशीं आरंभापासून संबंध आला त्यांपैकीं प्रा. यश पाल हे एक. मुलांच्या दप्तराचें ओझें कमी करण्याविषयींचा १९९३ चा अहवाल त्यांच्या समितीचा. आणि २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या सुकाणू समितीचे अध्यक्षही तेच होते. मुलानें ज्ञान स्वतः रचावें, परीक्षा पाठांतराची नसावी, हे विचार त्या आराखड्यांत आले. एकलव्य संस्था पुस्तकें व मासिकें काढीत राहिली. तिच्या 'संदर्भ' या हिंदी नियतकालिकापासून स्फूर्ति घेऊन पुण्यांतून मराठी 'शैक्षणिक संदर्भ' निघालें. होशंगाबादचें नांव २०२२ सालीं बदलून नर्मदापुरम झालें. अरविंद गुप्ता यांनीं पुण्याच्या आयुका संस्थेंतील मुलांच्या विज्ञान केंद्रांत अनेक वर्षें टाकाऊ वस्तूंचीं खेळणीं करून दाखविलीं व २०१८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांचीं पुस्तकें मराठींत आहेत. आपल्या धर्मग्रामांतील ज्या मुलांस तो काड्यांचा त्रिकोण करून पाहावयाचा असेल त्यांनीं जुन्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानांत चौकशी करावी. नव्या व्हॉल्व्हांस ती रबरी नळी लागत नाहीं, त्यामुळें ती पूर्वीइतकी सहज मिळत नाहीं.